‘कशावरून?’ : जिल्हा परिषद शाळेतील इतिहास-नागरिकशास्त्राला हातभार लावू इच्छिणाऱ्यांसाठी

निवृत्तीनंतर, नोकरीतल्या सुट्ट्यांत किंवा पदवी हाती आल्यावरच्या मोकळ्या वर्षात आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी काही करावे, असे अनेकांना मनापासून वाटते. त्यांपैकी बहुतेक जण गणित, इंग्रजी किंवा संगणक हे विषय निवडतात. इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल यांच्या वाट्याला जयंतीच्या दिवशीचे भाषण, वक्तृत्व स्पर्धेची बक्षिसे आणि वर्गाच्या भिंतीवरची चित्रे एवढेच येते. हा लेख या विषयांकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे. गेली नऊ वर्षे मी काही एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांमध्ये हे काम करतो आहे. त्यात जे उपयोगी पडले आणि जे चुकले, ते दोन्ही येथे क्रमाने मांडले आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. शाळेला आणखी एका व्याख्यात्याची गरज नसते. तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र घेऊन बसलेल्या, मध्येच पोषण आहाराची नोंद करणाऱ्या आणि ऑनलाइन माहिती भरणाऱ्या शिक्षिकेला इतिहास शिकवता येतो. तिला वेळ मिळत नाही तो गावातला पुरावा शोधून, तपासून वर्गापर्यंत आणण्यासाठी. ते काम आपण करायचे आहे. मुलांनी पाठातले किंवा गावातले कोणतेही विधान ऐकल्यावर ‘कशावरून?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर स्वतः शोधू लागावे, एवढा एकच हेतू धरला तरी वर्षभराचे काम पुरेसे होते.

पहिली पायरी : पाठ्यपुस्तक वाचणे

आपण शाळेत असताना जे शिकलो तेच आजही शिकवले जाते, असे समजून वर्गात पाऊल टाकू नये. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्या इयत्तेसोबत काम करायचे, तिचे चालू वर्षाचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या स्वाध्यायापर्यंत वाचावे, आणि त्याच्या मागच्या व पुढच्या इयत्तेचेही चाळावे. परिसर अभ्यासातून चौथीत शिवछत्रपतींचे चरित्र, पुढे सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग आणि मराठी सत्ता, आठवीत आधुनिक भारत, अशी मांडणी अनेक वर्षे रूढ आहे. तिच्या जोडीला नागरिकशास्त्रात सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान, आठवीला संसदीय शासन येते. अभ्यासक्रमात बदल होत राहतात, म्हणून जुन्या प्रतीवर विसंबू नये.

वाचताना एका पाठाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘इतिहासाची साधने’ हा पाठ भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांची ओळख करून देतो. परीक्षेच्या दृष्टीने तो सोपा समजला जातो आणि दोन तासिकांत संपवला जातो. माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली याच पाठात आहे, आणि बाहेरून येणाऱ्या व्यक्तीला सर्वांत मोठा वाव तेथेच मिळतो, कारण या तिन्ही प्रकारची साधने प्रत्येक गावात असतात.

दुसरी पायरी : परवानगी आणि शिक्षकांचा विश्वास

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. त्यात आपण कोणत्या इयत्तेसोबत, आठवड्यातून किती वेळ, कोणत्या पाठांच्या संदर्भात काय करणार आहोत, हे अर्ध्या पानात लिहावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. आपल्या कामाची नोंद या समितीच्या सभेत ठरावाने झाली, तर पुढे कोणी शंका घेतली तरी मुख्याध्यापकांना अडचण येत नाही. शाळेबाहेर मुलांना न्यायचे असेल, तर केंद्रप्रमुखांना, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना कळवणे आणि पालकांची लेखी संमती घेणे टाळू नये. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते का, हे मुख्याध्यापकच सांगतील. त्यांना वळसा घालून वर जाऊ नये.

कागद पूर्ण झाले म्हणजे विश्वास मिळाला, असे होत नाही. पहिल्या वर्षी मी एका शाळेत गडकिल्ल्यांवर तासभर बोललो. मुले शांत बसली होती, बाई मागच्या बाकावर माहितीचे तक्ते भरत होत्या, आणि मला वाटले की सारे उत्तम झाले. आठवड्याने बाईंनी अत्यंत सौम्य शब्दांत विचारले, की तुम्ही सांगितलेल्यापैकी पाठात काय आहे आणि मुलांच्या वहीत काय उतरले. माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक उपक्रम एका ठरावीक पाठाशी जोडतो आणि त्यातून वहीत उतरेल असे काहीतरी घडेल याची काळजी घेतो. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प यांना स्थान असते. आपला उपक्रम त्या नोंदीत बसला, तर शिक्षकांचा वेळ वाया जात नाही, उलट वाचतो.

पहिले दोन आठवडे केवळ वर्गात मागे बसावे. मुले कोणत्या शब्दाला अडखळतात, घरी कोणती बोली बोलतात, कोणता पाठ बाईंना आवडतो आणि कोणता नकोसा वाटतो, हे त्यातूनच कळते. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत परिसरातल्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. तेथे श्रोता म्हणून बसायला मिळाले तर अवश्य बसावे.

तिसरी पायरी : चार रकान्यांची वही

मुलांना प्रत्येकी एक साधी वही द्यावी आणि तिच्या पानावर चार रकाने आखून घ्यावेत : पाहिले, ऐकले, वाचले, अंदाज. गावाविषयी जे काही कळेल, ते यांपैकी एका रकान्यात गेलेच पाहिजे. ‘देवळापुढे कोरलेला दगड आहे’ हे पाहिले. ‘तो दगड लढाईत मेलेल्या माणसाचा आहे, असे आजोबा म्हणाले’ हे ऐकले. ‘तो माणूस आमच्याच घराण्यातला असेल’ हा अंदाज. सुरुवातीला मुले सगळेच ‘पाहिले’ खाली लिहितात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादी मुलगी आपणहून एक ओळ खोडून दुसऱ्या रकान्यात नेते, तेव्हा काम सुरू झाले असे समजावे.

या वहीचा सर्वांत मोठा उपयोग आख्यायिकांच्या बाबतीत होतो. शिवाजी महाराज आमच्या गावात एक रात्र मुक्कामाला होते, ही आठवण महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत सांगितली जाते. तिला हसणे किंवा वर्गात खोडून काढणे या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. ती आदराने ‘ऐकले’ या रकान्यात लिहावी, कोणी सांगितली, त्यांनी कोणाकडून ऐकली, तेही लिहावे, आणि शेजारचा ‘वाचले’ हा रकाना मोकळा सोडावा. मोकळ्या रकान्याची सवय मुलांना लागली, की मोबाइलवर फिरणाऱ्या ऐतिहासिक मजकुराकडेही ती त्याच नजरेने पाहतात. आठवीतल्या एका मुलाने घरच्यांच्या मोबाइलवर आलेला संदेश वर्गात वाचून दाखवला आणि स्वतःच म्हणाला, ‘सर, हे कोणत्या रकान्यात टाकू?’ त्या प्रश्नावर आम्ही पूर्ण तासिका खर्च केली.

चौथी पायरी : सुतळीची कालरेषा

मुलांना इसवी सन पाठ असतात. अंतर मात्र जाणवत नाही. त्यासाठी सुतळीचा एक मोठा गुंडा आणि मोजपट्टी पुरते. एक मीटर म्हणजे शंभर वर्षे, असे प्रमाण घ्यावे आणि ‘आज’ हे टोक वर्गाच्या दाराला बांधावे. तेथून मागे मोजत जाऊन कागदाच्या चिठ्ठ्या लावाव्यात. १९७२ चा दुष्काळ दारापासून अर्ध्या मीटरच्या किंचित पुढे येतो. महाराष्ट्र राज्याची १९६० ची स्थापना त्याच्या जवळच, स्वातंत्र्य पाऊण मीटरच्या आसपास. पेशवाईचा १८१८ मधला शेवट दोन मीटरच्या थोडा पुढे, शिवराज्याभिषेक साडेतीन मीटरवर. देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये केलेली स्वारी सव्वासात मीटरच्या थोडी पुढे जाते. येथे मुलांना थांबवून विचारावे, की यादवांपासून शिवरायांपर्यंतचे अंतर जास्त की शिवरायांपासून आपल्यापर्यंतचे? दोन्ही जवळजवळ सारखीच आहेत, हे सुतळीवर पावले टाकून पाहिल्यावर मुलांना जे वाटते, ते सांगून वाटणार नाही.

पुढे नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख एकवीस मीटरच्या आसपास येतो आणि सुतळी व्हरांडा ओलांडून पटांगणात जाते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथली शेतकऱ्यांची वस्ती साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली. तिची चिठ्ठी लावायला छत्तीस मीटर चालावे लागते, आणि बहुतेक शाळांत ती फाटकाबाहेर जाते. ही रेषा एका दिवसाची करू नये. आठ-दहा मीटरचा भाग वर्गाच्या भिंतीवर वर्षभर राहू द्यावा आणि नव्याने कळलेली प्रत्येक गोष्ट तिच्यावर मुलांनीच टांगावी.

पाचवी पायरी : गावातला दगड, विहीर आणि शाळेचे कपाट

गावफेरीसाठी एका वेळी एकच ठिकाण निवडावे. देवळाच्या आवारात, पारावर किंवा वेशीजवळ वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, असण्याची शक्यता देशावर, मराठवाड्यात आणि कोकणातही बरीच असते. सर्वसाधारणपणे खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, कधी त्याच्या जवळ गाई. त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि शिखरावर चंद्र-सूर्य व कलश, अशी रचना दिसते. ती खालून वर वाचायची असते, हे मुलांना आधी सांगू नये. त्यांना समोर बसवून चित्र काढायला लावावे. वीस मिनिटे काढत बसल्यावर त्यांतल्या कोणाला तरी क्रम सापडतोच. गाई दिसल्या, तर त्या तेथे का असाव्यात, हा प्रश्न मुलांकडूनच येतो, आणि गोधन लुटून नेणे म्हणजे संपूर्ण गावाची उपजीविका नेणे, हे त्यातून उलगडते.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. दगडावरची अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, रंग काहीही लावू नये. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा ती आपोआप वाचता येतात. शेंदूर लावलेला दगड गावाच्या श्रद्धेचा विषय असतो, त्याला पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. दगड हलवू नये, धुऊ नये, शाळेत आणू नये. मुलांना शेतात जुनी नाणी किंवा काही पुरलेले सापडल्याचे कानावर आले, तर ते घरी किंवा शाळेत ठेवण्याचा सल्ला देऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा असा ठेवा सापडल्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

बारवेवर (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर), देवळाच्या चौकटीवर किंवा घाटाच्या पायरीवर अनेकदा शक कोरलेला असतो. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष महिन्यात इंग्रजी वर्ष बदलत असल्याने शकवर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७८९ म्हणजे १८६७. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करावेत. मोडी कागदांतला सुहूर सन (एक जुनी कालगणना) दिसला, तर ५९९ किंवा ६०० मिळवावेत. हे गणित पाचवीची मुले सहज करतात, आणि सुतळीवर आपल्या गावच्या बारवेची चिठ्ठी लावताना त्यांचा जो उत्साह असतो, तो कोणत्याही तयार तक्त्याने येत नाही.

आता सर्वांत दुर्लक्षित साधनाविषयी. जुन्या शाळांच्या कपाटात दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे मुले शाळेत आल्याची व सोडून गेल्याची नोंदवही असते. काही शाळांचे शंभर वर्षांहून जुने आहे. ते कायमस्वरूपी जतन करण्याचे आणि खासगी माहितीचे दप्तर आहे. त्यात जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण नोंदलेले असते. म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये आणि त्याची छायाचित्रे काढू नयेत. मुख्याध्यापकांना विनंती करावी, की त्यांनी स्वतः दर दहा वर्षांतल्या एका वर्षाचे फक्त आकडे काढून द्यावेत : त्या वर्षी मुलगे किती दाखल झाले आणि मुली किती. हे आकडे फळ्यावर स्तंभालेखाने मांडले, की १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी सुरू केलेली शाळा आणि आपल्या गावात पहिली मुलगी शाळेत आली ते वर्ष, यांच्यात किती अंतर आहे, ते दिसते. एका शाळेत ते अंतर नव्वद वर्षांहून अधिक निघाले. एवढा उशीर का झाला, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते शोधायला मुली आपापल्या आजींकडे गेल्या.

सहावी पायरी : आठवणींची मुलाखत

मौखिक साधनांसाठी १९७२ च्या दुष्काळाइतका चांगला विषय मला दुसरा सापडलेला नाही. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत, त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी त्या काळातले असते. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, लातूर-धाराशिव भागात ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, आणि धरणाखाली गेलेल्या गावांत विस्थापन, हे विषय त्या त्या ठिकाणी अधिक जिवंत असतात. मात्र आपत्तीत घरची माणसे गमावलेल्यांना मुलांकरवी प्रश्न विचारण्यापूर्वी आपण एकट्याने जाऊन भेटावे, आणि त्यांची इच्छा नसेल तर विषय तेथेच सोडावा.

मुलाखतीची तयारी दोन तासिकांची असते. पहिल्या तासिकेत मुलांनी प्रश्न काढावेत. ‘दुष्काळात काय झाले?’ असा मोठा प्रश्न विचारला, की ‘फार हाल झाले’ असे छोटे उत्तर येते. त्याऐवजी वस्तूंवरून विचारावे : घरात सकाळी काय शिजत असे? पाणी कोठून, कोण आणत असे? कामावर जाताना काय बांधून नेत? खडी फोडायला हातोडी कोणाची असे? या प्रश्नांना सुकडी, रेशनवरचा मिलो, मस्टर, मुकादम, पाझर तलाव, नाला बंडिंग हे शब्द उत्तरात येतात, आणि मुले आपल्याच गावाच्या शिवारातला तलाव कोणी खणला ते प्रथमच ऐकतात. दुसऱ्या तासिकेत मुलांनी एकमेकांची मुलाखत घेऊन सराव करावा. मध्येच बोलू नये, आजोबा थांबले तर आपणही थांबावे, आणि शेवटी ‘अजून कोणाला विचारू?’ असे जरूर विचारावे, या तीन सूचना पुरतात.

एका वर्गात मजुरीचा आकडा विचारल्यावर एका आजींनी अडीच रुपये सांगितले, शेजारच्या आजोबांनी तीन. मुलांना वाटले की दोघांपैकी एकाचे चुकते. मग आम्ही शक्यता मांडल्या : काम वेगळे असेल, महिना वेगळा असेल, मोजमापावर मजुरी ठरत असेल, बाई आणि पुरुष यांना वेगळी मिळत असेल, किंवा पन्नास वर्षांत एकाची आठवण बदलली असेल. मुले पुन्हा त्या दोघांकडे गेली आणि आणखी चौघांना भेटली. आकडा शेवटपर्यंत एक झाला नाही, आणि तसे मी होऊही दिले नाही. सहा जणांची सहा उत्तरे नावांसह, त्यांच्या संमतीने, वहीत राहिली. साक्षी जुळत नाहीत तेव्हा इतिहासाचे काम संपत नाही, हे सहावीच्या मुलांना समजते, याची खात्री मला त्या दिवशी पटली.

हाच धागा नागरिकशास्त्राकडे नेता येतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात हाताला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. दुष्काळात त्या विचाराला राज्यव्यापी रूप आले. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये देशपातळीवर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला. आजीने फोडलेली खडी आणि संसदेत संमत झालेला कायदा यांच्यात संबंध आहे, हे दाखवणारा याहून जवळचा दाखला मराठी मुलांना देणे कठीण आहे.

सातवी पायरी : ग्रामपंचायतीच्या दारात

नागरिकशास्त्राची सुरुवात शाळेच्या पाटीपासून करावी. ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ या शब्दांतली जिल्हा परिषद म्हणजे कोण? महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. त्यापूर्वीच्या पिढीतली माणसे अजूनही ‘लोकल बोर्डाची शाळा’ असे म्हणताना आढळतात. त्यानंतर ग्रामपंचायत कार्यालयात एका वेळी पाच-सहा मुलांचा गट न्यावा. गटाने आधीच ठरवलेली एकच गोष्ट शोधावी : घरपट्टीचा पैसा कोठे जमा होतो, पाणीपट्टी कोण ठरवते, किंवा गेल्या ग्रामसभेत कोणते ठराव झाले. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीच्या ग्रामसेवकांची) वेळ आधी घ्यावी आणि सोमवारसारखा गर्दीचा दिवस टाळावा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून ग्रामसभा घेण्याची प्रथा आहे. मुलांना मताचा अधिकार नाही, पण मागे बसून ऐकता येते. किती लोक आले, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान उपस्थिती) झाली का, किती महिला बोलल्या, याची नोंद त्यांनी घ्यावी. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या; महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. गावात सरपंचताई असतील, तर पहिल्या सभेत त्या स्वतः बोलल्या की दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने बोलले, हा प्रश्न मुली विचारतातच. तो विचारू द्यावा, मात्र कोणत्याही पक्षाविषयी किंवा चालू निवडणुकीविषयी आपले मत वर्गात सांगू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना हा उपक्रम बंद ठेवावा.

जेथे तोल सांभाळावा लागतो

गावाचा इतिहास शोधताना जात समोर येतेच. गावगाड्याचा, बलुतेदारीचा, जुन्या पाणवठ्यांचा विषय टाळला, तर इतिहास खोटा होतो. तो निष्काळजीपणे काढला, तर वर्गातल्या एखाद्या मुलाला सर्वांसमोर खाली मान घालावी लागते. मी पाळत आलेला नियम असा : कोणत्याही मुलाला त्याच्या जातीविषयी, आडनावाविषयी किंवा घराण्याच्या कामाविषयी वर्गात विचारायचे नाही. व्यवस्थेविषयी बोलायचे, आणि ती बदलण्यासाठी झालेल्या संघर्षासह बोलायचे. महाडच्या चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह आणि संविधानातले अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम एकाच तासिकेत शिकवावेत. गावाचा नकाशा काढताना वस्त्यांची जुनी नावे लिहिण्याची वेळ आली, तर राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतल्याचे सांगून नवी नावेच लिहावीत, आणि नावे का बदलावी लागली, हा प्रश्न मोठ्या मुलांपुढे ठेवावा.

जमिनीची कागदपत्रे हा दुसरा नाजूक भाग आहे. उत्साहाच्या भरात मुले घरातले मोडी खत किंवा जुना सातबारा शाळेत घेऊन येतात. त्यावर भावकीचा वाद चालू असू शकतो. असा कागद त्याच दिवशी पालकांच्या हाती परत द्यावा आणि त्याचे वाचन वर्गात करू नये. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आणि शाळेत किंवा गावफेरीत कोणत्याही मुलासोबत एकट्याने राहू नये. आपल्या सोयीपेक्षा शिक्षकांची उपस्थिती महत्त्वाची मानावी.

पैसा कोठे खर्च करावा

देणगी गोळा झाली, की फलक आणि मोठा पडदा यांचा आग्रह होतो. माझा अनुभव असा, की तालुक्याचा एक चांगला भिंतीवरचा नकाशा, सहा भिंगे, दोन मोजपट्ट्या, सुतळी आणि भरपूर कोरे कागद यांचा उपयोग अधिक वर्षे होतो. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यांतले इतिहासावरचे निवडक लेख छापून शिवून ठेवावेत. आपल्या जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, शिक्षकांना उघडून दाखवावे आणि गावाच्या उल्लेखाचे पान काढून द्यावे. त्यातला मजकूरही ‘वाचले’ रकान्यातच जातो, कारण इंग्रजी अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेल्या भागावरही ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारता येतो. सहलीसाठी पैसे असतील, तर दूरच्या मोठ्या स्थळापेक्षा जवळचे संग्रहालय निवडावे. तेरचे लामतुरे संग्रहालय, औंधचे भवानी संग्रहालय, कोल्हापूरचे टाउन हॉल संग्रहालय किंवा नागपूरचा अजब बंगला येथे एकेका मुलाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर पंधरा मिनिटे बसावे. सगळी दालने पाहून होत नाहीत, याची खंत करू नये.

वर्ष संपताना

शिक्षकांच्या बदल्या होतात, मुले पुढच्या शाळेत जातात आणि वह्या रद्दीत जातात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेची घाई सुरू होण्यापूर्वी, मुलांच्या वह्यांमधून निवडक पाने शिक्षकांसह बाजूला काढावीत : वीरगळाची चित्रे, मुलाखतींचे उतारे, मुलींच्या पटसंख्येचा आलेख, गावाचा नकाशा. प्रत्येक पानावर दिनांक, लिहिणाऱ्या मुलाचे नाव, माहिती देणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती असल्याची नोंद असावी. ज्यांनी नाव देऊ नका असे सांगितले, त्यांचे नाव घालू नये. या पानांच्या दोन प्रती काढाव्यात. एक शाळेच्या कपाटात दाखलखारीज रजिस्टरशेजारी, मुख्याध्यापकांच्या आवक नोंदीसह ठेवावी. दुसरी ग्रामपंचायतीच्या किंवा गावच्या वाचनालयात द्यावी. ज्यांनी मुलाखती दिल्या, त्यांना त्यांचा उतारा मुलांनी घरी जाऊन वाचून दाखवावा आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती मूळ मजकूर न खोडता समासात, तारखेसह लिहावी.